राजीनामा देण्याआधी



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर आधी गिरणगावात आणि मग ठाणे-बेलापूर पट्ट्यात युनियनचं काम केलं. ते काही सभा गाजवणारे पुढारी नव्हते. विम्याच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसून कामगारांचे अर्ज लिहून द्यायचे, दाखल्यावरच्या तारखा तपासायचे आणि शाखा कार्यालयात कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगायचे. म्हणून आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी त्यांच्या त्या बाकावरचाच विषय मागून घेतला. नोकरदार माणसाला लांबचं आजारपण आलं की तो राजीनामा का देतो, आणि तो कागद देण्याआधी त्याला काय माहीत असायला हवं, एवढ्यापुरतंच मी आज बोलणार आहे.

मी कामगार न्यायालयात वकिली करतो. माझ्याकडे येणारा आजारी माणूस बहुतेक वेळा राजीनामा देऊन मोकळा झाल्यावर येतो. कागद हातातून गेल्यावर हक्कांची चौकशी सुरू होते. आजारी माणसाचे आपल्या कायद्यातले जवळजवळ सगळे हक्क तो नोकरीत आहे या एकाच खुंटीला टांगलेले असतात. राजीनामा दिला की ती खुंटीच निघते, आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

एका कुटुंबाची गोष्ट सांगतो, नावगाव न सांगता. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला असलेला माणूस, वय पस्तिशीचं, पगार 18,000 रुपये. मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. डायलिसिसच्या दिवशी खाडा, दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नाही. सुपरवायझर कुरकुरायला लागला. मग एक दिवस ऑफिसात बोलावून समोर कोरा कागद ठेवला गेला आणि मजकूर सांगितला गेला: वैयक्तिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे. ‘बरा झालास की ये, जागा आहेच,’ असंही सांगितलं. त्यानं सही केली. वर्ष उलटल्यावर त्याची बायको माझ्याकडे आली तेव्हा तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट होते आणि त्यांच्या खाली पगाराच्या स्लिपा, चार घड्या घातलेल्या. प्रत्येक स्लिपेवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची कपात होती, 135 रुपये. मी विचारलं, हे पैसे कशाचे कापले जातात ते ठाऊक होतं का? ती म्हणाली, ‘ते दवाखान्याचे. औषधं मिळतात ना त्याचे.’

माझ्या अनुभवात ही समजूत नव्वद टक्के घरांत आहे. ईएसआय म्हणजे दवाखाना. त्या 135 रुपयांत आजारपणातल्या पगाराचाही हक्क होता, हे ना नवऱ्याला माहीत होतं ना बायकोला. ज्यांनी कोरा कागद पुढे केला त्यांना माहीत असण्याची शक्यता बरीच होती.

काम करता येत नाही अशा कामगाराच्या पोटाची सोय व्हावी, ही मागणी आपल्याकडे फार जुनी आहे. सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक निवेदन तयार केलं. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना आठवते, कारण ती 1890 मध्ये पदरात पडली. पण त्याच निवेदनात असंही म्हटलं होतं, की कामावर जायबंदी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या चरितार्थाची तजवीज करावी. ही मागणी कायद्यात उतरायला किती काळ गेला ते बघा. 1942 ते 1946 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्यानं 1943 मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम दिलं, आणि ऑगस्ट 1944 मध्ये आडारकरांचा अहवाल आला. त्यातून कर्मचारी राज्य विमा कायदा 1948 मध्ये झाला, 24 फेब्रुवारी 1952 ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि 1954 मध्ये ती मुंबईत आली. पॅनेल डॉक्टर आले, परळचं महात्मा गांधी स्मृती रुग्णालय आलं. गिरण्या गेल्या, तरी ते रुग्णालय अजून तिथे आहे.

या योजनेला दान किंवा सवलत म्हटलेलं मला चालत नाही. आज कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. 2019 च्या जुलैपर्यंत हे दर याहून बरेच जास्त होते. ज्याचा पगार 18,000 आहे त्याचे स्वतःचे 135 आणि मालकाचे 585, असे महिन्याला 720 रुपये त्याच्या नावावर जमा होतात. हा त्यानं घेतलेला विमा आहे. त्याचा दावा करताना मान खाली घालायचं कारण नाही.

दावा कसा चालतो ते जरा सावकाश सांगतो, कारण घोटाळा इथेच होतो. वर्षाचे दोन हप्ते-काळ असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्या काळात भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला हक्क उभा राहतो, आणि दुसऱ्या काळातल्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला. म्हणजे माणूस मार्चमध्ये आजारी पडला तर त्याची आदल्या वर्षाच्या एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी बघतात. त्या सहा महिन्यांत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असली की तो पात्र. नव्यानं नोकरीला लागलेल्याला उपचार लगेच मिळतात, पण आजारपणाचा पैसा मिळायला साधारण नऊ महिने जावे लागतात. पात्र माणसाला रोजच्या सरासरी पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते, वर्षाकाठी 91 दिवसांपर्यंत. आजारपणाच्या सुरुवातीचे दोन दिवस सोडले जातात. मात्र आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर तेही सोडत नाहीत. महिना 18,000 म्हणजे दिवसाला साधारण 600 धरले, तर रोजचे 420 रुपये होतात. 91 दिवसांचे 38,220.

पण आजचा विषय लांबच्या आजाराचा आहे, आणि 91 दिवसांत मूत्रपिंडं बरी होत नाहीत. त्यासाठी विस्तारित आजारपण लाभ आहे. ही योजना चालवणाऱ्या कर्मचारी राज्य विमा महामंडळानं 34 दीर्घ आजारांची यादी केली आहे. या आजारांत दर 70 वरून 80 टक्क्यांवर जातो आणि लाभ दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. अट अशी की माणूस आधी दोन वर्षं विमाधारक नोकरीत असावा आणि त्या चार हप्ते-काळांत मिळून किमान 156 दिवसांची वर्गणी भरलेली असावी. यादीत क्षय आहे, कुष्ठरोग आहे, कर्करोग आहे, एड्स आहे. अर्धांगवायू, पार्किन्सन, मूत्रपिंडाचा जुना विकार, हृदयाचे गंभीर आजार, जलोदरापर्यंत गेलेला यकृताचा आजार, मधुमेहानं पायावर, डोळ्यांवर किंवा मूत्रपिंडावर केलेला परिणाम हे सगळं आहे. आमच्या अंबरनाथच्या माणसाचा आजार यादीत होता. त्यानं चार वर्षं वर्गणी भरली होती. महिन्याला 14,400 च्या आसपास रक्कम त्याच्या खात्यात येऊ शकली असती, आणि ती नोकरीत राहून.

त्या यादीत मानसिक आजारही आहेत: स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्याचा एक प्रकार, उन्माद आणि नैराश्याचे झटके, स्मृतिभ्रंश. यावर मला थोडं थांबायचं आहे. क्षयाचा रोगी राजीनामा देतो तो थकून. नैराश्याचा रोगी राजीनामा देतो तेव्हा ते बऱ्याचदा त्या आजाराचंच लक्षण असतं. आपण निकामी आहोत, आपल्यामुळे सगळ्यांना त्रास होतो, या विचारानं त्याला घेरलेलं असतं, आणि त्याच भरात तो कागद लिहून टाकतो. घरचे म्हणतात, जाऊ दे, आधी जीव, मग नोकरी. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण त्याच आजारासाठी उपचार आणि पगार देणारी योजना त्याच्या नावावर चालू असते, आणि तो स्वतः ती तोडून येतो. अशा घरातल्या भावाबहिणींना माझी कळकळीची विनंती आहे, की त्याच्या आजारपणात त्याला एकट्याला असा कागद लिहू देऊ नका.

शरीराच्या आजारातही हे होतंच. डॉक्टर सांगतात, काम बंद ठेवा. घरी येईपर्यंत त्याचं नोकरी सोडा असं होतं. शेजारी, मेहुणे, गावाकडचे काका, सगळे हेच सांगतात. शिवाय आजारी माणसाच्या मनात एक अपराधीपणा असतो, की लाइनवरची मुलं आपलं काम ओढतायत, किती दिवस त्यांच्या जिवावर काढायचे. चांगल्या माणसाला हा विचार जास्त छळतो. मी त्याला सांगतो, तुमच्या जागी तात्पुरता माणूस नेमणं हे मालकाचं काम आहे, आणि तुमच्या आजारपणाचा पैसा मालकाच्या गल्ल्यातून जात नाही, महामंडळातून येतो.

आता धाकाबद्दल. ‘राजीनामा दे, नाहीतर काढून टाकू’ हे वाक्य या हॉलमधल्या अनेकांनी ऐकलं असेल. 1948 च्या कायद्याच्या 73व्या कलमात असं लिहिलं होतं, की कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना मालकानं त्याला बडतर्फ करू नये, कमी करू नये, शिक्षा करू नये, आणि त्या काळात दिलेली नोटीस लागू होत नाही. हे संरक्षण अमर्याद नव्हतं, नियमांत त्याला मुदती होत्या. आणि एक खाचही होती, ती सांगितली नाही तर माझं सांगणं अर्धवट राहील. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीतला एक कामगार रजेवर गेला, रजा संपल्यावर आला नाही, कळवलंही नाही. नंतर त्यानं विम्याच्या डॉक्टरचा दाखला आणला. गिरणीच्या स्थायी आदेशांत सलग आठ दिवस विनापरवाना गैरहजर राहिल्यास नाव कमी होण्याची तरतूद होती. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गिरणीच्या बाजूनं निकाल दिला. न्यायालयानं म्हटलं ते थोडक्यात असं, की इथे आजारपणाबद्दल शिक्षा झालेली नाही, स्थायी आदेशानुसार नोकरी संपलेली आहे. पुढे 1993 मध्ये डी. के. यादव प्रकरणात त्याच न्यायालयानं असं ठरवलं, की अशी तरतूद असली तरी कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाव कमी करता येणार नाही. त्यामुळे आज परिस्थिती बरी आहे. तरी मी माझ्या अशिलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: पहिला दाखला मिळाला की त्याच दिवशी त्याची प्रत कंपनीला पोहोचवा आणि पोच घ्या. रजिस्टर पोस्टानं पाठवा, ईमेल करा, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा, तिन्ही करा. मधला दाखला दर वेळी पाठवा. फिटनेसचा दाखला मिळेपर्यंत एकही आठवडा कोरा जाऊ देऊ नका. युनियनच्या बाकावर बसणारा माणूस हेच काम करायचा.

ठेकेदाराच्या कामगारांनी इथे एक लक्षात घ्यावं. ठेकेदारानं पैसे कापले आणि भरले नाहीत, अशी तक्रार फार येते. वर्गणीची जबाबदारी मुख्य मालकावर असते, आणि त्यानं भरली नाही म्हणून कामगाराचा लाभ बुडू नये, लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, अशी तरतूद कायद्यात आहे. स्लिपेवर कपात दिसते पण कार्ड नाही, अशा परिस्थितीत राजीनामा देऊन बाहेर पडणं म्हणजे त्या तरतुदीवर पाणी सोडणं.

इथे कायद्याच्या बदलाबद्दल दोन शब्द. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. विमा, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेखाली आलं आणि कलमांचे क्रमांक बदलले. मी जुन्या कायद्यांच्या नावांनी बोलतोय, कारण कामगार अजून त्याच नावांनी बोलतात. दावा दाखल करताना त्या दिवशीचा मजकूर वकिलाकडून तपासून घ्या.

सरकारी आणि निमसरकारी नोकरांची गोष्ट वेगळी आहे, आणि मला तिथला एक निकाल या विषयातला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पंजाब राज्य वीज मंडळात भगवान दास नावाचे लाइनमन होते. 1994 मध्ये, नोकरीत असताना, त्यांची दृष्टी पूर्ण गेली. अपंग व्यक्तींचा 1995 चा कायदा पुढे 1996 मध्ये लागू झाला आणि त्याच्या 47व्या कलमात स्पष्ट होतं, की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही. त्याला झेपेल असं दुसरं काम द्यायचं, तसं काम नसेल तर जादा पद निर्माण करून निवृत्तीच्या वयापर्यंत ठेवायचं, पगार तोच. भगवान दास यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. दृष्टी गेली म्हणजे नोकरी गेली असं धरून त्यांनी स्वतःच अर्ज केला, की मला निवृत्त करा आणि माझ्या बायकोला नोकरी द्या. मंडळानं पहिलं तत्परतेनं केलं, दुसरं केलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मंडळाचं म्हणणं, त्यांनीच तर मागणी केली. 2008 मध्ये न्यायालयानं ते फेटाळलं. आपले हक्क माहीत नसलेल्या, खालच्या श्रेणीतल्या, दृष्टी गेलेल्या कर्मचाऱ्यानं असा अर्ज दिला तेव्हा त्याला कायदा समजावून सांगणं हे वरिष्ठांचं कर्तव्य होतं, असं न्यायालयानं म्हटलं. त्यांना पुन्हा नोकरीत घेण्याचा आणि मधल्या काळाचा पगार देण्याचा आदेश झाला.

या निकालातलं तत्त्व मला फार महत्त्वाचं वाटतं. आपली सगळी व्यवस्था असं गृहीत धरते, की हक्क शोधून काढणं हे आजारी माणसाचं काम आहे. ज्याला जिना चढता येत नाही त्यानं शाखा कार्यालय गाठावं, केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमध्ये परिपत्रकं वाचावीत. भगवान दास प्रकरणात न्यायालयानं ते ओझं उचलून ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्यावर ठेवलं. हीच तरतूद आता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 20व्या कलमात आहे, आणि ती सरकारी आस्थापनांना लागू आहे. एसटी महामंडळ, महापालिका, महावितरण अशी मंडळं आणि कंपन्याही त्यात येतात. आणि या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यांत पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, मानसिक आजार आणि विदर्भात घरोघरी माहीत असलेला सिकलसेलही आहे. म्हणजे लांबचा आजार आणि अपंगत्व यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी पक्की नाही.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांखाली राजीनामा दिला की मागची सगळी सेवा बुडते. वीस वर्षं काढली असली तरी. पण शरीर साथ देत नाही असा वैद्यकीय मंडळाचा दाखला घेऊन निवृत्त झालं तर रुग्णता निवृत्तिवेतनाचा मार्ग आहे. नोव्हेंबर 2005 पूर्वी लागलेल्यांना हा फरक आयुष्यभराचा पडतो. तालुक्याच्या ठिकाणच्या एका शिक्षिकेनं कर्करोगाच्या निदानानंतर लिहिलेला राजीनामा मी पाहिला आहे. तो मुख्याध्यापकांनी पुढे पाठवण्याआधी बाईंच्या बहिणीनं मागे घ्यायला लावला, आणि मग अर्धवेतनी रजा, परिवर्तित रजा, असाधारण रजा असं एकेक करून बाईंनी उपचाराचा काळ काढला. आता त्या पुन्हा वर्गात आहेत. वर्षाला 20 दिवस या हिशेबानं त्यांची अर्धवेतनी रजा साठलेली होती. ती किती आहे ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

शेवटी नोकरी सोडावी लागणारच असेल, तरी कशी सोडायची याला महत्त्व आहे. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सेवा लागते, हे सगळ्यांना पाठ आहे. पण मृत्यू किंवा अपंगत्वामुळे नोकरी संपली तर पाच वर्षांची अट नाही, हे फारच थोड्यांना माहीत असतं. आणि कायद्यातलं अपंगत्व म्हणजे काय, तर अपघातामुळे किंवा आजारामुळे आधीचं काम करता न येणं. अंबरनाथच्या माणसाची चार वर्षं झाली होती. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,000 धरला, तर वर्षाला 15 दिवसांप्रमाणे 41,500 च्या आसपास होतात. कंपनीनं आधी नाकारलं: पाच वर्षं नाहीत, आणि राजीनाम्यात आजाराचा शब्द नाही. वैयक्तिक कारणास्तव. डायलिसिसच्या नोंदी, डॉक्टरांचं पत्र, हजेरीपत्रक, सगळं जोडून आम्ही ते मिळवलं, पण त्याला बराच काळ गेला. त्या कागदावर आजाराचं नाव आणि दाखल्याची तारीख असती तर इतका काळ लागला नसता.

भविष्यनिर्वाह निधीचंही तसंच. आजारपणासाठी त्यातून नोकरीत असतानाच उचल घेता येते. नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षांची सेवा नसली तरी पेन्शन मिळतं. आणि निधीला जोडलेला एक विमा असतो, तो कोणी लक्षातच घेत नाही. सभासद नोकरीत असताना वारला तर वारसाला 7 लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते. हे मोठ्यानं बोलायला जड जातं. पण ज्याचा आजार बरा होणारा नाही, तो राजीनामा देतो तेव्हा त्याच्या मुलांच्या हातून हे निसटतं. अशा माणसाला ‘आता घरी शांतपणे राहा’ म्हणणाऱ्यांनी आधी हे विचारून घ्यावं.

ज्यांना ईएसआय नाही त्यांचं काय? पगार महिन्याला 21,000 च्या वर गेला की माणूस योजनेबाहेर जातो. ही मर्यादा 2017 पासून जागची हललेली नाही. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं. हजार रुपयांची वाढ मिळते आणि त्या वाढीसोबत आजारपणातला 80 टक्के पगार जातो. चालू हप्ते-काळ संपेपर्यंत माणूस योजनेत राहतो, पुढे नाही. हिंजवडीतल्या किंवा ठाण्यातल्या खासगी ऑफिसात बसणाऱ्याला महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं वर्षाला 8 दिवसांची किरकोळ रजा आणि कामाच्या दिवसांवर साठणारी अर्जित रजा दिली आहे, तीही 45 दिवसांपर्यंतच साठते. त्यापुढचं सगळं नेमणुकीच्या पत्रात आणि कंपनीच्या धोरणात. तिथे तुमचं पहिलं काम म्हणजे ते पत्र बाहेर काढणं, गटविम्याचा कागद मागणं आणि बिनपगारी वैद्यकीय रजेची लेखी मागणी करणं. मागणी लेखी करा, कारण तोंडी नकाराचा पुरावा राहत नाही. घरकामाच्या बायका, डिलिव्हरीवाली मुलं यांच्यासाठी यातलं जवळजवळ काहीच नाही. ते आजारी पडले की राजीनामाही द्यावा लागत नाही, दुसऱ्या दिवसापासून कमाई बंद. त्यांच्याबद्दल स्वतंत्रपणे बोलायला हवं.

माझी एक मागणी आहे आणि ती मी या व्यासपीठावरून मांडतो. आजारपणामुळे दिलेला कोणताही राजीनामा स्वीकारण्याआधी मालकानं त्या कामगाराला लेखी द्यावं, की तुझी रजा किती शिल्लक आहे, विम्याचा लाभ कोणता आणि किती मुदतीपर्यंत मिळू शकतो, ग्रॅच्युइटी किती होते आणि नोकरी सोडल्यावर काय थांबेल. हा कागद दिल्यापासून पंधरा दिवसांपर्यंत राजीनामा स्वीकारू नये. भगवान दास प्रकरणात जे कर्तव्य वीज मंडळाच्या अधिकाऱ्यांचं ठरलं, ते खासगी मालकाचं का नसावं, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

राजीनामा देऊन झालेला असेल तरी घाईनं हात झटकू नका. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, करारात उलट तरतूद नसेल तर. सर्वोच्च न्यायालयानं हे अनेकदा मान्य केलं आहे. मागे घेण्याचं पत्र दोन ओळींचं असलं तरी चालतं. त्यासोबत डॉक्टरांचा दाखला जोडा, पोच घ्या. तारीख उलटून गेली असेल तर राजीनाम्याची प्रत, शेवटच्या दोन वर्षांच्या स्लिपा आणि आजाराचं निदान ज्या दिवशी झालं त्या दिवसाचा कागद घेऊन कामगार कार्यालयात किंवा एखाद्या युनियनच्या माणसाकडे जा. ग्रॅच्युइटीचा अर्ज उशिरा केला, एवढ्याच कारणानं तो नाकारता येत नाही.